मागचे पाय आणि रूट कॉज

डिस्क्लेमर आधीच देऊन टाकतो. मी पशुवैद्य नाही. आठवड्याचे पाच दिवस पुण्यात दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो आणि जमेल तेव्हा शनिवार-रविवार जळगावला घरी जातो. त्यामुळे आजचं पोस्ट हे डॉक्टरांनी जे सांगितलं, दाखवलं आणि मी नंतर वाचून ताडून घेतलं त्याचं टिपण आहे. उपचार म्हणून वाचू नका. डॉक्टरकडे कधी आणि किती घाईनं जायचं, हे ठरवायला वाचा.

प्रॉडक्शनमध्ये काही पडलं की पहिला फोन "स्क्रीन उघडत नाहीये" असा येतो. त्यात स्क्रीनचा दोष क्वचितच असतो. कुठेतरी डेटाबेसचं कनेक्शन तुटलेलं असतं, डिस्क भरलेली असते, नाहीतर नेटवर्कवाल्यांनी रात्री एक "छोटासा" बदल केलेला असतो. नव्या पोराला आपण पहिलं हेच शिकवतो, की दिसतंय ते लक्षण आहे, बिघाड शोध.

कुत्र्याचे पाय अचानक गेले की मात्र आपण सगळे नवी पोरं होतो. पाय गेले ना? मग पायाला तेल चोळा. पायाला शेक द्या. आमच्या खान्देशात तर एकच निदान, "लकवा मारला". ते ऐकलं की पुढचे सगळे प्रश्न बंद. पण लकवा हे नुसतं लक्षणाचं नाव आहे. "स्क्रीन उघडत नाहीये"चंच भाषांतर म्हणा ना. कुत्र्याचे पाय एकाएकी लुळे पडतात तेव्हा बिघाड बऱ्याचदा पायात नसतोच. तो पाठीच्या मणक्यात, रक्तात, पोटात गेलेल्या विषात किंवा थेट मेंदूत असतो. आणि यातला एक बिघाड असा आहे की त्यात कुत्र्याआधी घरातल्या माणसांचा विचार करावा लागतो.

२०२४ या एकाच वर्षात आमच्या नात्यातल्या दोन कुत्र्यांचे मागचे पाय गेले. लक्षण तेच, बिघाड अगदी वेगळे.

पहिला : जळगावचा गुंड्या

गुंड्या आमच्या घरचा डॅशहाउंड. लांबच्या लांब पाठ, बोटभर पाय आणि आवाज अल्सेशियनचा. वय वर्षं पाच. मे महिन्यात एका सकाळी दिवाणावरून उडी मारली आणि केकाटला. तासाभरानं चालायला लागला तर मागचे पाय एकमेकांत अडकत होते, दारू प्यायल्यासारखे. दुपारपर्यंत बूड टेकून नुसता पुढच्या पायांवर सरकत होता.

मग नेहमीप्रमाणे सल्लागार मंडळ जमलं. शेजारच्या काकू म्हणाल्या मोहरीच्या तेलानं मालीश करा. कोणी म्हणालं ऊन लागलं असेल, कारण बाहेर ४४-४५ अंश होतेच. आप्पांनी स्वतःच्या गुडघ्याची गोळी काढली, "अर्धी देऊन बघू का?" आई म्हणाली, आधी डॉक्टरला फोन. (आमच्या घरात आर्किटेक्ट आईच आहे.)

डॉक्टरांनी फोनवरच दोन गोष्टी सांगितल्या. गोळी द्यायची नाही, आणि उचलताना पाठ वाकू द्यायची नाही. पाटावर झोपवून, पाठीला आधार देऊन, चादरीनं सैलसर बांधून आणा. आम्ही इस्त्रीच्या टेबलाची फळी काढली आणि गुंड्याची वरात दवाखान्यात निघाली.

तिथं त्यांनी जे केलं ते मी टक लावून बघितलं. आधी मागचा पंजा उलटा करून जमिनीवर टेकवला. धड कुत्रा तो लगेच सरळ करतो. गुंड्याचा तसाच उलटा राहिला. म्हणजे पाय कुठे आहे ही बातमी मेंदूपर्यंत जात नव्हती. मग त्यांनी चिमट्यानं पायाचं बोट दाबलं. गुंड्यानं पाय आखडला. मी खूश! म्हटलं, सिग्नल चालू आहे. डॉक्टर म्हणाले, "पाय आखडला याला अर्थ नाही. ते मणक्यातल्या मणक्यात होतं, मेंदूला पत्ता न लागता. त्यानं मान वळवून बघितलं पाहिजे, ओरडलं पाहिजे." पुन्हा जोरात दाबलं. गुंड्या वळला, ओरडला आणि चिमट्याला चावायला धावला. डॉक्टर हसले. "आता खूश व्हा."

हा फरक मला फार आवडला. लोकल राउटरनं उत्तर दिलं म्हणजे मेन सर्व्हरपर्यंत पॅकेट पोचलं असं होत नाही. तसंच हे. या तपासणीवर पुढचं सगळं अवलंबून असतं. मणक्यांमधली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब आला असेल, पण खोलवरची वेदना कळत असेल, तर शस्त्रक्रियेनंतर दहातली नऊच्या आसपास कुत्री पुन्हा चालतात. ती वेदना कळेनाशी झाली तर हाच आकडा साधारण निम्म्यावर येतो. आणि पहिल्या स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जायला कधीकधी काही तासच लागतात. म्हणूनच "उद्या बघू" इथे महाग पडतं.

डॅशहाउंडला हे इतकं का होतं? कारण ते बुटके पाय. ज्या जनुकामुळे पाय आखूड होतात त्याच घराण्यातली, एफजीएफ-४ नावाच्या जनुकाची एक जादा नक्कल १२ व्या गुणसूत्रावर असते, आणि तिच्यामुळे मणक्यांमधल्या गाद्या लहान वयातच कडक, ठिसूळ होतात, असं २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवलं. कॉपी-पेस्ट केलेल्या कोडचे दुष्परिणाम, दुसरं काय.

गुंड्याला शस्त्रक्रिया लागली नाही. औषधं आणि चार आठवडे सक्तीची विश्रांती. सक्तीची म्हणजे चार बाय तीन फुटांचं लाकडी कुंपण. उडी नाही, जिना नाही, दिवाण नाही. लघवीला नेताना पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग उचलून धरायचा. लघवी होतेय की नाही हे रोज बघायचं, कारण मणक्याच्या दुखण्यात मूत्राशयही अडकू शकतं आणि तुंबलेली लघवी वेगळाच घोळ घालते. दीड महिन्यानं साहेब चालायला लागले. अजूनही वळताना मागचा भाग जरा डुलतो. आई म्हणते, मॉडेलिंगला पाठवू.

दुसरा : धुळ्याचा वाघ्या

मामांचा मळा धुळ्याजवळ, लळिंगच्या बाजूला. वाघ्या तिथला राखणीचा गावठी कुत्रा. त्याच वर्षी पोळ्यानंतरच्या आठवड्यात मी जळगावला होतो तेव्हा मामांचा फोन आला. "भाचा, वाघ्याना मांगला पाय गयात रे. घसामा हाड अटकेल शे वाटस."

पाय गेलेत आणि घशात हाड अडकलंय? हे दोन वेगळ्या मॉड्यूलमधले एरर एकदम कसे? मी म्हटलं मामा, व्हिडिओ पाठवा. आला. वाघ्या गोठ्याच्या भिंतीला टेकून बसलेला. मागचे पाय पसरलेले. खालचा जबडा लोंबकळत होता, तोंडातून लाळेच्या तारा. भुंकायचा प्रयत्न केला तर घोगरा, चिरकलेला आवाज. मामांचा संशय फवारणीवरही होता, कारण शेजारच्या कपाशीवर दोन दिवसांपूर्वीच औषध मारलं होतं. मामेभाऊ आदल्या दिवसापासून त्याला हातानं पाणी पाजायचा प्रयत्न करत होता, आणि आता तोंडात हात घालून हाड काढायचा विचार चालला होता.

मी व्हिडिओ तसाच गुंड्याच्या डॉक्टरांना पाठवला. दोन मिनिटांत त्यांचा उलट फोन. इतक्या कडक आवाजात ते आधी कधी बोलले नव्हते. "कोणी हात लावायचा नाही. तोंडात तर अजिबात नाही. फाटक लावून घ्या, पोरांना लांब ठेवा, आणि ज्याच्या ज्याच्या अंगाला लाळ लागली त्यांनी साबणानं पंधरा मिनिटं धुवून आत्ता सरकारी दवाखाना गाठायचा."

रेबीज म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पिसाळून अंगावर धावणारा कुत्रा येतो. पण रेबीजचं दुसरं रूप अगदी गप्प असतं. त्यात कुत्रा चावत सुटत नाही, तो लुळा पडतो. पाय जातात, जबडा लोंबतो, गिळता येत नाही म्हणून लाळ गळते, आवाज बदलतो. घरच्यांना दया येते, वाटतं घशात काहीतरी अडकलंय, आणि प्रेमापोटी हात थेट त्या लाळेत जातो. विषाणू असतो तो नेमका तिथेच. हातावर छोटीशी जखम असेल तर न चावताही धोका आहे.

मामेभावाच्या बोटांवर विळ्याचे ओरखडे होते. म्हणजे उघड्या जखमेवर लाळ. वैद्यकीय भाषेत ही तिसरी, सगळ्यात वरची पायरी. त्यात लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, कारण लशीतून संरक्षण तयार व्हायला दिवस लागतात आणि तेवढ्यात आयतं संरक्षण हवं असतं. त्याच दुपारी मामा, मामी आणि मामेभाऊ दवाखान्यात गेले. सरकारी दवाखान्यात ही लस कातडीत देतात, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. चारही तारखा मामींनी कॅलेंडरवर लाल पेननं गोल केल्या, आणि २८ वा दिवस होईपर्यंत त्या कॅलेंडरवरचं दुसरं पान कोणी उलटलं नाही.

वाघ्या तिसऱ्या दिवशी गेला. पुढे तपासणीचा अहवालही रेबीजचाच आला. अहवालाची वाट न बघता इंजेक्शनं सुरू केली होती हेच महत्त्वाचं, कारण माणसात एकदा लक्षणं दिसली की मग जवळजवळ कोणी वाचत नाही. आज तिघेही ठणठणीत आहेत. मळ्यातली दुसरी कुत्री आणि बैलजोडी, त्यांनाही डॉक्टरांनी येऊन लशी दिल्या. मामा त्यानंतर बरेच दिवस गोठ्याकडे बघून गप्प बसायचे. वाघ्या सात वर्षं त्यांच्या खाटेखाली झोपला होता.

तर मग क्रम कसा लावायचा?

डीबगिंगमध्ये प्रश्नांइतकाच त्यांचा क्रम महत्त्वाचा. डॉक्टरांशी बोलून मी असा लावलाय.

१. हात लावण्याआधी, लांबून. जबडा लोंबतोय का? लाळ गळतेय, आवाज बदललाय, वागणं अनोळखी झालंय? लस दिलेली नाही किंवा माहीत नाही? मग जवळ जायचंच नाही. कोंडून ठेवा आणि पशुवैद्याला तिथे बोलवा. लस वेळेवर झालेल्या, घरातल्या कुत्र्यात ही शक्यता फार कमी, त्यामुळे उगाच घाबरायचंही कारण नाही.

२. विष किंवा साप? पाय लटपटताहेत, अंग थरथरतंय, लाळ, उलटी, जुलाब, डोळ्यातली बाहुली टाचणीएवढी, आणि आजूबाजूला फवारणी झालीय? आमच्याकडे कपाशी आणि केळी, त्यामुळे हे नेहमीचंच. ही औषधं काय करू शकतात ते २०१७ मध्ये यवतमाळच्या शेतकऱ्यांच्या मृत्यूंनी सगळ्या महाराष्ट्राला दाखवलंय. डब्याचा किंवा पाकिटाचा फोटो डॉक्टरांसाठी बरोबर घ्या. मण्यार चावली तर जखम दिसत नाही, सूज नाही, कुत्रा सकाळी नुसता लुळा सापडतो. दोन्हीत मिनिटं मोजायची.

३. ऊन? जोरजोरात धाप, हिरड्या लालभडक, पाय लडखडतात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०५-१०६ च्या पुढे गेलं की काम गंभीर. आधी सावलीत घेऊन साध्या पाण्यानं भिजवा, पंखा लावा, आणि मगच गाडीत घाला.

४. पिल्लं झालेली कुत्री? व्याल्यानंतर दोन-चार आठवड्यांत, विशेषतः लहान जातीच्या आणि बरीच पिल्लं पाजणाऱ्या कुत्रीचं कॅल्शियम घसरतं. पाय ताठरतात, कापरं भरतं, झटके येतात. शिरेतून कॅल्शियम दिलं की झटक्यात फरक पडतो, पण ते डॉक्टरांनीच सावकाश द्यायचं असतं.

५. मणका? दोन्ही पाय ओढतोय, पंजा उलटा पडतोय, नखं फरशीवर घासताहेत, लघवी होत नाहीये. त्याच दिवशी दवाखाना, रात्र असेल तर रात्री. खेळता खेळता एकदा ओरडून एकाच बाजूचा पाय गेला आणि नंतर दुखत मात्र नाही, असंही होतं. त्यात गादीचा बारीक तुकडा मज्जारज्जूच्या रक्तवाहिनीत अडकलेला असतो. यातली बरीच कुत्री काही आठवड्यांत सुधारतात, पण कुठला प्रकार ते तपासल्याशिवाय कळत नाही.

६. गोचीड? ताप, खाणं बंद, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, लघवी गडद, आणि पाय टाकवत नाही. गोचिडीतून येणाऱ्या एर्लिकिया नावाच्या जिवाणूनं व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैन्याच्या अल्सेशियन कुत्र्यांची दाणादाण उडवली होती. आपल्याकडे तो घरोघरी आहे. साध्या रक्ततपासणीत बरंच कळतं, आणि वेळेत सापडलं तर डॉक्सिसायक्लिनचा साधारण चार आठवड्यांचा कोर्स पुरतो. हे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

७. वरचं काहीच नाही, एकच पाय जरा उचलून धरतोय, पण टेकवतो, जेवतो, शेपूट हलवतो? पंजात काटा बघा, फिरणं बंद करा, एक दिवस थांबा. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर दाखवा.

आणि आप्पांची ती गोळी

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकनं पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं जातात. पॅरासिटामॉल थोडं जास्त झालं तरी यकृत आणि रक्त दोन्ही बिघडतं. शिवाय एक तांत्रिक अडचण आहे. एक गोळी आधीच पोटात गेली असेल तर डॉक्टरांना त्यांचं औषध लगेच देता येत नाही. आणि दुखणं दबलं की कुत्रा उड्या मारायला लागतो, सरकलेली गादी आणखी सरकते. एरर लॉग बंद केला म्हणून बग जात नाही!

थोडं विषयांतर. याच डायक्लोफेनॅकची एक लांबलचक साखळी आहे. ते गुरांना द्यायचे, मेलेली गुरं गिधाडं खायची, आणि त्या औषधानं गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. हे कोडं २००४ मध्ये सुटलं आणि भारतात २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर गिधाडं जवळजवळ संपली होती. उघड्यावर पडलेलं मांस भटक्या कुत्र्यांना मिळालं, कुत्री वाढली, आणि त्याबरोबर रेबीजचा धोकाही, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. एका गोळीचे डिपेंडन्सी किती दूरवर जातात बघा.

अंतराचा प्रश्न

पुण्या-मुंबईच्या मित्रांना हे कळत नाही. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, ज्याच्या आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं रुग्णालय उघडलं. पण जळगावहून मुंबई किंवा पुणे चारशे किलोमीटरच्या आसपास. जळगाव-धुळे म्हटलं तरी एरंडोल-पारोळ्यावरून नव्वदेक. कुत्र्याचं एमआरआय किंवा मणक्याची शस्त्रक्रिया लागली तर एक अख्खा दिवस प्रवासातच जातो. म्हणून आपल्याकडे पहिले दोन तास जास्त मोलाचे. जवळच्या पशुवैद्याचा नंबर फोनमध्ये आधीच असू द्या. जिल्ह्याच्या ठिकाणचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय कुठे आहे ते एकदा बघून ठेवा. गावाकडे १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर आहे, मुख्यतः गुराढोरांसाठी, पण लिहून ठेवायला काय जातं.

आणि फोन करण्याआधी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, लांबून. किती वाजता सुरू झालं, वाढतंय का, शेवटची लघवी कधी, लस कधी, काय खाल्लं. चांगला बग रिपोर्ट मिळाला की डॉक्टरांचंही काम निम्मं होतं. वाघ्याच्या वेळी पहिलं काम त्या व्हिडिओनंच केलं.

असो. बरंच लांबलं. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, लुई पाश्चरची पुण्यतिथी. त्या सुमाराला बऱ्याच ठिकाणी कुत्र्यांना लस देण्याची शिबिरं होतात. मामा आता मळ्यावरच्याच नाही तर आसपासच्या वस्तीवरच्या कुत्र्यांनाही टेम्पोत घालून नेतात. तुमच्याकडे कुत्रा असेल तर सप्टेंबरची वाट बघू नका. त्याच्या लशीची पुस्तिका कपाटातून काढा आणि शेवटची तारीख बघा. वर्ष उलटून गेलं असेल तर सोमवारी ऑफिसला जायच्या आधी दवाखान्यात फोन करा.